हौस ब्लाउजवर करा, पैसे साडीत घाला

श्रावण लागला की माझ्या शिलाई मशीनशेजारच्या खाटेवर पिशव्या येऊन पडायला लागतात. आधी मंगळागौरीच्या, मग गौरींच्या, मग नवरात्राच्या आणि दिवाळीच्या. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईच्या. सत्तावीस वर्षं घरी बसून ब्लाउज शिवते आहे, त्यामुळे बाजारात यंदा काय चाललंय हे मला दुकानात जाऊन बघावं लागत नाही, पिशव्या उघडल्या की कळतं. एका वर्षी सगळ्या पिशव्यांतून ऑर्गन्झा निघतो, एका वर्षी खण, एका वर्षी टिकल्यांची नेट. आणि दोन-तीन वर्षांनी त्याच बायका त्याच साड्या घेऊन परत येतात. “ताई, याचं काही होईल का? मुलीला ड्रेस, नाहीतर उशांचे अभ्रे तरी?”

बहुतेक वेळा काही होत नाही. नेटच्या टिकल्या गळालेल्या असतात, ऑर्गन्झा घडीवर विरलेला असतो, स्वस्तातल्या जॉर्जेटला सुई लावली की बाजूचे धागे सरकतात आणि शिवण धरत नाही. अशा वेळी नाही म्हणताना मला वाईट वाटतं, कारण ते पैसे कष्टाचे असतात. भिशीचे असतात, ओव्हरटाइमचे असतात, पहाटे उठून पोळ्यांचे डबे करून मिळवलेले असतात. म्हणून यंदा खरेदीला बाहेर पडण्याआधी माझं एवढं ऐका. हंगामाची जी काही फॅशन असेल ती ब्लाउजवर करा आणि पैसे साडीत घाला.

साडी साडेपाच मीटर. ब्लाउजपीस ८० सेंटीमीटर, अंग भरलेलं असेल किंवा बाही लांब हवी असेल तर एक मीटर. दरवर्षी बदलतं ते हे ८० सेंटीमीटर. खरं वाटत नसेल तर घरातला जुना अल्बम काढून बघा. आजीची बाही कोपरापर्यंत, आईच्या लग्नात फुगा बाही, मोठ्या बहिणीच्या वेळी बाहीच नाही, आणि आता पुन्हा कोपरापर्यंत. साड्या मात्र आजीच्या आई नेसते, आईच्या तुम्ही नेसता. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरी दीक्षितची ती जांभळी साडी सगळ्यांना हवी झाली. मी तेव्हा शिवणाच्या क्लासला जात होते. बायका म्हणायच्या, “माधुरीसारखी साडी घेतलीय”, आणि आमच्या बाई कात्री घेऊन बसायच्या तो मागचा गळा कापायला. लोकांच्या डोळ्यांत भरला होता तो ब्लाउज. त्यासाठी नवी साडी घेण्याचं कारण नव्हतं.

आता नवरात्राचंच घ्या. नऊ दिवसांचे नऊ रंग ही काही शास्त्रात सांगितलेली गोष्ट नाही, वर्तमानपत्रांतून आली आणि आपल्या बायकांनी ती मनापासून उचलली. लोकलच्या डब्यात अख्खा ग्रुप एका रंगात उभा असतो ते बघायला मलाही फार आवडतं. त्यात आनंद आहे, मैत्री आहे, तो कुणी सोडू नये. पण त्यासाठी दरवर्षी नऊ साड्या घेणाऱ्या मुली मी बघते तेव्हा त्यांना खाली बसवून एक हिशेब दाखवते. हे रंग वारावर ठरतात. रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून बघा. घट कोणत्या वारी बसतात त्याप्रमाणे क्रम पुढेमागे होतो, पण हे सात रंग येतातच. उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतलं काहीतरी येतं. म्हणजे सात रंगांचे सात ब्लाउज एकदा नीट शिवून ठेवले की ते दरवर्षी चालतात. त्यांच्यावर नेसायला एक मोतिया रंगाची, एक बारीक चौकड्यांची आणि एक गडद, बहुरंगी काठाची अशा तीन सुती साड्या असल्या तरी आठवडा निघतो. एका बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीने माझं ऐकून असंच केलं. पहिल्या वर्षी तीन ब्लाउज, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी दोन. वाचलेल्या पैशांत तिने चौथ्या वर्षी एक इरकल घेतली.

ब्लाउजवर हौस करायची म्हणजे भारंभार लटकनं आणि आरसे लावायचे असं मी म्हणत नाही. कापड निवडण्यात हौस करा. आणि त्याला खणासारखं दुसरं कापड नाही. खण हे मुळात ब्लाउजचंच कापड. बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे त्याचं गाव. तिथे अरुंद पन्ह्याच्या हातमागावर ते विणत आले, आणि आपल्याकडे त्याची त्रिकोणी घडी करून ओटीत घालतात. गेल्या काही वर्षांत याच खणाच्या साड्या निघाल्या, परकर-पोलकी तर होतीच, आता फ्रॉक आले, पर्सा आल्या, आकाशकंदीलसुद्धा आले. मागणी वाढल्यावर यंत्रमागावरचं, पॉलिस्टरचं खणासारखं दिसणारं कापड बाजारात आलं. ते दिसायला हुबेहूब असतं. पण ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर अंगावर ठेवून बघा. घाम टिपत नाही, काखेत चिकटतं, आणि संध्याकाळी गळ्याभोवती लाल वळ उठतात. साडेपाच मीटर तसलं कापड गुंडाळून दांडियाला जाणाऱ्या मुलींची मला काळजी वाटते.

दुकानात ओळखायचं कसं? कापडाचा कोपरा मुठीत घट्ट दाबून धरा, दहा आकडे मोजा आणि सोडा. सुताला सुरकुत्या पडतात आणि त्या राहतात. पॉलिस्टर लगेच पूर्वीसारखं सपाट होतं. मग पांढरा रुमाल जरासा ओला करून आतल्या बाजूने घासा, रंग रुमालावर आला तर ते कापड पांढऱ्या किंवा फिक्या साडीबरोबर घालायला घेऊ नका. आणि दुकानाच्या दिव्याखाली रंग ठरवू नका, कधीही. कापड घेऊन दाराशी उजेडात या, गळ्याजवळ धरा. चेहरा उजळला तर घ्या, काळवंडला तर कितीही चालू फॅशनचा रंग असला तरी ठेवा. लक्ष्मी रोडवर, हिंदमाताला किंवा मंगळदास मार्केटमध्ये दुपारी गेलात तर गर्दी कमी असते आणि दुकानदारही दाराशी जाऊ देतात. संध्याकाळी सातला जाल तर कुणालाच वेळ नसतो.

खणाचा ब्लाउज शिवायला देताना एक विचारून घ्या. जुना, अरुंद पन्ह्याचा खण असेल तर त्यात बंद गळा आणि लांब बाही दोन्ही बसत नाहीत. एक सोडावं लागतं, नाहीतर दोन खण घ्यावे लागतात. घरी येऊन मग कळलं तर हिरमोड होतो. काठ बाहीच्या टोकाला आला पाहिजे, दोन्ही बाह्यांवर काठाची रुंदी सारखी दिसली पाहिजे, आणि बुट्ट्या पुढच्या दोन भागांवर एका रेषेत आल्या पाहिजेत. हे करायला कापड जास्त जातं आणि वेळही जास्त लागतो. जी शिवणारी बाई हे करून देते तिला दोन पैसे जास्त द्या.

आता साडीकडे येते, कारण पैसे तिथे घाला म्हटलंय तर कुठे घालायचे तेही सांगायला हवं. साडी घेताना आधी कापडाचं नाव विचारा, मग डिझाइन बघा. “सिल्क आहे” हे उत्तर नव्हे. ताणा कसला, बाणा कसला, हातमागावरची की यंत्रमागावरची, असं सरळ विचारायचं. लाजायचं नाही. ज्याला माल माहीत आहे तो दुकानदार आनंदाने सांगतो.

इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो, आणि अंगाचे व पदराचे उभे धागे मागावरच फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात. पदर जिथे सुरू होतो तिथे उलट बाजूने बोट फिरवलंत तर तो जोड हाताला लागतो. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा. येवल्याला किंवा पैठणला विणकर प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवरून आत घालतो आणि शेजारच्या रंगात अडकवतो. त्यामुळे मोर असो, मुनिया असो की आसावली, पदर मागूनही पुढच्याइतकाच स्वच्छ दिसतो. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले, तर ती यंत्रमागावरची. यंत्रमागावरची साडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. सेमी पैठणी म्हणून, सेमीच्या भावात विकली तर ती चांगली साडी आहे, हळदीकुंकवाला हौसेने नेसावी. फसवणूक होते ती तिला दुसरं नाव देऊन विकतात तेव्हा.

माझी झालेली आहे. भाचीच्या लग्नात तिला द्यायला म्हणून मी एका मोठ्या दुकानातून पैठणी घेतली. “प्युअर सिल्क आहे ताई, डोळे झाकून घ्या,” असं ते म्हणाले आणि मी कापडातली असूनही लग्नाच्या धावपळीत खरंच डोळे झाकले. ब्लाउजपीस कापताना कात्रीखाली ते कापड मला वेगळं वाटलं. रेशीम कापताना एक बारीक करकर येते, ती आली नाही. कडेचे चार धागे काढले, स्टीलच्या ताटलीत ठेवून काडी लावली. वितळले आणि त्याचा टणक मणी झाला. रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांत चुरडली जाते. मणी होतो तो पॉलिस्टरचा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि मऊ करडी राख उरली तर ते कृत्रिम रेशीम, व्हिस्कोस. मी परत गेले तेव्हा त्यांनी बिल दाखवायला सांगितलं. बिलावर फक्त “साडी १ नग” लिहिलेलं होतं. मला काही बोलता आलं नाही. भाचीला मी खरं काय ते सांगितलं आणि पुढच्या वर्षी दुसरी घेऊन दिली.

तेव्हापासून बिलाशिवाय मी कुणाला महाग साडी घेऊ देत नाही. बिलावर कापडाचं नाव लिहून घ्या: शुद्ध रेशीम, हातमाग, जे काही दुकानदार तोंडाने म्हणतो ते. लिहायला तयार नसेल तर तिथेच उत्तर मिळालं. रेशमाच्या साडीला सिल्क मार्कची चिठ्ठी आहे का बघा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून ती देतात. ती चिठ्ठी रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगते. साडी हातमागावरची आहे असं त्यावरून ठरत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे, तो २००६ मध्ये सुरू झाला. बायका इथे हमखास गल्लत करतात आणि यंत्रमागाच्या रेशमी साडीला हातमागाची किंमत देऊन येतात. घरी नेल्यावर धागे वेगवेगळे तपासा, उभा वेगळा आणि आडवा वेगळा. पुष्कळदा एक रेशमी असतो आणि एक नसतो.

आणि भिंतीवर “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” अशी पाटी बघून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. रंग घरी आल्यावर आवडला नाही, सासूबाईंना पसंत पडला नाही, याला हा नियम लागत नाही, तिथे दुकानदाराच्या चांगुलपणावर भागवावं लागतं. पण साडी विरलेली निघाली, रंग गेला, रेशीम म्हणून दुसरंच दिलं, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं.

तयार कुर्ते आणि ड्रेस घेणाऱ्यांसाठी थोडंसं. ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघण्यापेक्षा तिथल्या स्टुलावर बसून बघा, दोन्ही हात वर करून बघा, जसे बसच्या दांडीला धरताना करता तसे. कुर्ता उलटा करून बाजूच्या शिवणीत किती कापड सोडलंय ते बघा. अर्धा इंच तरी नसेल तर तो कधीच सैल करता येणार नाही. ऑनलाइन मागवताना अक्षरांच्या मापावर जाऊ नका, कारण प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा असतो. तुम्हाला बसणारा एक कुर्ता गादीवर पसरून छातीचं, खांद्याचं आणि उंचीचं माप इंचांत घेऊन ठेवा आणि त्याच्याशी ताडून मागवा.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मापाबद्दल. टेप काढला की बायका माझी माफी मागायला लागतात. “ताई, फार जाड झालेय ना.” “दंड बघा ना कसले झालेत.” “पोट झाकेल असं काहीतरी करा.” वीस वर्षांची मुलगी असं म्हणते आणि साठीच्या काकूही असंच म्हणतात. बाळंतपणाहून चार महिन्यांनी आलेली एक पोरगी तर माप देताना रडली होती. मी तिला सांगितलं ते सगळ्यांना सांगते. कापड तुझ्या अंगासाठी कापायचं असतं. टेपवर येतो तो आकडा मला शिवायला लागतो, त्याला चांगला-वाईट असं काही नसतं. ज्या बाईचा ब्लाउज खांद्यावर आणि मुंढ्यात बरोबर बसतो ती कोणत्याही अंगाने, कोणत्याही साडीत छान दिसते. आणि ज्या बाईने “मी दिवाळीपर्यंत बारीक होणार आहे” म्हणून दोन इंच कमी माप दिलेलं असतं, ती दिवाळीच्या दिवशी हात वर करून आकाशकंदील लावू शकत नाही.

म्हणून आजच्या मापाचा ब्लाउज शिवा आणि आत माया ठेवायला सांगा. दोन्ही बाजूंना निदान दीड-दीड इंच. अंग वाढलं तर उसवून सैल करता येतो, कमी झालं तर आत घेता येतो, तोच ब्लाउज दहा वर्षं चालतो. कटोरी शिवायची की प्रिन्सेस कट हे मासिकातला फोटो बघून ठरवू नका, छातीच्या ठेवणीवर ते अवलंबून असतं. शिवणारीला विचारा, आणि ती नको म्हणाली तर तिचं ऐका. बोट नेक ज्यांची मान आखूड आहे त्यांना बहुधा गुदमरल्यासारखा वाटतो. त्याऐवजी पुढे थोडा खोल पान गळा घेतला तर मान लांब दिसते. उंची कमी असेल तर सहा-सात इंची काठ नेसल्यावर निम्म्या उंचीत काठच दिसतो, दोन-तीन इंची घ्या. पण मोठा काठ तुम्हाला मनापासून आवडतच असेल तर घ्या, आणि ब्लाउज साधा, एकरंगी ठेवा. आवडलेली साडी बाई वेगळ्या चालीने नेसते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की उंचीचा नियम मी कुणावर लादत नाही.

कपाटाचंही बघा. खरेदीची यादी करण्याआधी एका रविवारी सगळ्या साड्या पलंगावर काढा. ज्या वर्षभरात नेसल्या नाहीत त्या का नेसल्या नाहीत ते एकेकीला विचारा. मला खात्री आहे, निम्म्यांचं उत्तर “ब्लाउज होत नाही” असंच येईल. त्या साड्या जुन्या झालेल्या नाहीत, त्यांना ब्लाउज हवाय. त्या पिशवीत भरून शिवणारीकडे घेऊन जा. आईची संक्रांतीची काळी चंद्रकळा असेल, तिला मोहरी रंगाच्या खणाचा ब्लाउज द्या. फिकी नारायणपेठ असेल, तिला गडद वांगी रंग द्या. रेशमी साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून मलमलीत किंवा जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, म्हणजे घडीवर चिरणार नाहीत. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, वेखंडाची पुरचुंडी ठेवलेली बरी.

नवरात्राचे ब्लाउज हवे असतील तर गणपती जायच्या आत कापड पोचवा. घटस्थापनेच्या आठवड्यात आलेलं काम कोणतीही शिवणारी घाईतच करते, मीही करते, आणि घाईत पहिला बिघडतो तो मुंढा. अस्तर सुती घ्या, आणि ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं. माप द्यायला येताना रोजची आतली वस्त्रं घालून या, आणि तुम्हाला सगळ्यात नीट बसणारा एक जुना ब्लाउज बरोबर आणा, मग तो कितीही विटलेला असो. ब्लाउज न्यायला याल तेव्हा उरलेल्या कापडाची पट्टी मागून घ्या आणि घरी गेल्यावर त्याच साडीच्या घडीत ठेवा. पुढे बाही लांब करायची झाली तर त्या रंगाचं कापड पुन्हा बाजारात मिळत नाही.